जंगलाचा माल आणि समाजमाध्यमांचे जाणकार

२०२५ च्या नोव्हेंबरात एक चित्रफीत देशभर फिरली. सीसीटीव्हीतून घेतली असावी असं वाटायला लावणारी. रात्रीची वेळ, इमारतीबाहेर बसलेला एक माणूस, अंधारातून झेपावणारा वाघ, आणि काही क्षणांत सगळं संपलेलं. सोबतच्या मजकुरात ठिकाण दिलेलं होतं: ब्रह्मपुरी, वनविभागाचं विश्रामगृह. असं काही घडलेलंच नाही, चित्रफीत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली आहे, असा खुलासा वनविभागाला करावा लागला. तोवर ती मुंबईत, दिल्लीत, परदेशातल्या मराठी घरांत पोहोचली होती. खुलासा त्या सगळ्या घरांत पोहोचला असेल असं मानायला काही आधार नाही.

ही चित्रफीत बनवणारा अडाणी नव्हता. कॅमेरा वरून आणि थोडा तिरका ठेवला की दृश्य पहाऱ्यावरच्या कॅमेऱ्याचं वाटतं, हे त्याला ठाऊक होतं. गावाचं नाव दिलं की शंका निम्मी होते, हेही ठाऊक होतं. आणि गाव त्याने नेमकं निवडलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात माणूस आणि वाघ एकाच रानात वावरतात. त्याच वर्षी १० मे रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. त्या घरांचं दुःख खरं आहे, त्यांचा राग खरा आहे. खोट्या चित्रफितीने त्या खऱ्या दुःखाच्या बळावर प्रेक्षक जमवले. पुढच्या वेळी खरी बातमी आली, तर हीदेखील बनावटच असेल असं दूरचा माणूस म्हणणार. बनवणाऱ्याच्या हातात कौशल्य होतं. त्या कौशल्याबद्दल त्याला या जिल्ह्यात कुणापुढे उभं राहून उत्तर द्यावं लागणार नव्हतं.

समाजमाध्यमांतलं कौशल्य धंद्याला किती उपयोगी आणि किती धोक्याचं, हा या व्याख्यानाचा विषय. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांची उदाहरणं घेऊन त्यावर बरंच बोललं जातं. इथे समोर बसलेल्यांत जंगलातले गाईड आहेत, बांबूचं काम करणाऱ्या बहिणी आहेत, ग्रामसभांचे कार्यकर्ते आहेत, मोहफुलांपासून पदार्थ करणारे बचत गट आहेत. म्हणून उदाहरणं चंद्रपूर आणि गडचिरोलीचीच घेतलेली बरी. शिवाय या दोन जिल्ह्यांच्या धंद्याचं एक वैशिष्ट्य आहे, ते शहरी चर्चेत येतच नाही. इथला बहुतेक माल जंगलातून येतो, आणि जंगलातून किती यायचं ते ऋतू ठरवतो, कायदा ठरवतो, झाडाची वाढ ठरवते. मागणी एका रात्रीत शंभरपट होऊ शकते. माल होत नाही.

ताडोबापासून सुरुवात करू. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. त्यानंतरही बराच काळ पुण्या-मुंबईच्या माणसाला विदर्भातलं जंगल भेटायचं ते पुस्तकांतून. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यावर लिहिलं. मारुती चितमपल्ली यांनी पक्षी, झाडं, रानातली माणसं यांच्यावर आयुष्यभर लिहिलं. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा कितीतरी वाचकांना आपल्या पहिल्या जंगलफेरीची आठवण झाली असेल. ती पुस्तकं वाचून येणारे पाहुणे थोडे असत, आणि वाघ नाही दिसला तरी पहाट फुकट गेली असं त्यांना वाटत नसे.

मग स्वस्त डिजिटल कॅमेरे आले, फेसबुक आलं, इन्स्टाग्राम आलं, आणि वाघांना नावं मिळाली. वाघडोह, मटकासुर, छोटा मटका, माया. वनविभागाच्या नोंदीत वाघाला क्रमांक असतो. नावं दिली ती गाईडांनी आणि जंगलात पुन्हापुन्हा येणाऱ्यांनी. या नावांनी जे घडवलं ते लाखो रुपयांच्या जाहिरातीने घडलं नसतं.

मायाचंच उदाहरण घ्या. नोंदीत ती टी-१२. पांढरपौनीच्या परिसरात ती वर्षानुवर्षं राहिली. गाड्यांची तिला सवय झाली होती, ती रस्त्यावरून निवांत चालत यायची, पिल्लांना घेऊन पाण्यावर बसायची. तिची पिल्लं नर वाघांनी मारली, पुन्हा झाली, पुन्हा मारली गेली, आणि हा सगळा संसार हजारो छायाचित्रांतून लोकांनी वर्षभर, दोन वर्षं, दहा वर्षं पाहिला. बंगळूरचा किंवा लंडनचा माणूस ताडोबाला यायचा तो ‘वाघ पाहायला’ नव्हे, ‘मायाला भेटायला’. २०२३ च्या ऑगस्टनंतर ती दिसेनाशी झाली. ऑक्टोबरमध्ये उद्यान उघडलं, माया नाही. समाजमाध्यमांवर प्रश्नांचा आणि अफवांचा पूर आला. नोव्हेंबरमध्ये वनविभागाला एका वाघाचे अवशेष मिळाले, नमुने बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गेले, आणि ते मायाचेच असल्याचं स्पष्ट झालं. एका रानटी जनावराच्या मृत्यूचा खुलासा जनुकीय चाचणी करून जगाला द्यावा लागला, याचं कारण तिची ओळख जगभर झाली होती.

ही ओळख ज्यांनी निर्माण केली त्यांचं श्रेय नाकारायचं कारण नाही. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, आगरझरी, देवाडा, अलिझंझा या गावांत आज गाईड, जिप्सीचालक, स्वयंपाकी, खोल्या सांभाळणारे, भाजी पुरवणारे असे कितीतरी संसार त्यावर चालतात. मोहर्लीच्या महिला गाईड हा तर या जिल्ह्याचा अभिमान आहे. ज्या घरांतल्या बायका पूर्वी सरपणाला जंगलात जात, त्या आज सांबराचा कॉल ऐकून वाघ कुठल्या अंगाने निघेल ते पाहुण्याला सांगतात. सचिन तेंडुलकर इथे अनेकदा आले, त्यांनी इथली छायाचित्रं लोकांसमोर ठेवली, आणि ज्याने चंद्रपूरचं नाव फक्त कोळसा, सिमेंट आणि उन्हाळ्याच्या तापमानासाठी ऐकलं होतं त्याला इथलं रान दिसलं. फोन हातात असलेला गावातला मुलगा दलालाविना थेट पाहुण्यापर्यंत पोहोचू लागला. हा फायदा मोठा आहे. तो मान्य करूनच पुढचं बोललं पाहिजे.

आता मालाचा हिशेब. ताडोबाचं गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटर. २०२२ च्या गणनेत प्रकल्पात ९७ वाघांची नोंद झाली. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातल्या पर्यटनावर अंतरिम बंदी घातली, ऑक्टोबरमध्ये ती उठली, आणि त्याच सुमारास राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्या: गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनासाठी, प्रत्येक गेटमधून किती गाड्या जाणार याला मर्यादा. पावसाळ्याचे तीन महिने गाभा बंद. मंगळवारी सुट्टी. म्हणजे विकायला ज्या जागा आहेत त्या ठरलेल्या आहेत. एखादी रील एक कोटी लोकांनी पाहिली म्हणून उद्या सकाळी मोहर्ली गेटमधून एकही जिप्सी जास्त सुटणार नाही.

मग त्या एक कोटी प्रेक्षकांचं होतं काय? इथेच जाहिरातीच्या नेहमीच्या पुस्तकी सल्ल्याची गाडी अडते. कारखान्याचा माल असता तर मागणी वाढली की दुसरी पाळी सुरू केली असती. जंगलात ती वाट नाही. वाढलेली मागणी तीन ठिकाणी फुटते. खोल्यांचे दर वाढतात आणि जवळच्या वरोऱ्याचा किंवा चिमूरचा शिक्षक आपल्या मुलांना घेऊन सुट्टीत जंगलात राहू शकत नाही. गेटच्या भोवती बांधकामं वाढतात, आणि ती बहुधा वाघाच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच होतात. तिसरा परिणाम सगळ्यांत वाईट: गाडीत बसलेल्या माणसाची अपेक्षा बदलते. त्याने पाहिलेल्या पन्नास रीलमध्ये पन्नासही वेळा वाघ आला. तीन तास धुळीत बसून परतलेल्या पन्नास गाड्यांची रील कुणी टाकलीच नाही. त्यामुळे वाघ न दिसणं ही त्याला जंगलाची नेहमीची रीत वाटत नाही. आपल्याला फसवलं असं वाटतं. तो राग गाईडवर निघतो.

गाईडवर निघालेल्या या रागातून पुढे काय होतं ते दोन घटनांत दिसलं. मे २०२४ मध्ये ताडोबात टी-११४ क्रमांकाच्या वाघाची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवल्याचं दृश्य बाहेर आलं, आणि चालक-गाईडांवर कारवाई झाली. त्याच वर्षीच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव गेटच्या सफारीत एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्लं जिप्सींच्या गराड्यात अडकली. दोन्ही बाजूंनी गाड्या, मध्ये आई आणि पिल्लं. छायाचित्रं आणि चित्रफिती पसरल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बातम्यांची स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालक निलंबित झाले, दंडाची रक्कम वाढवण्यात आली. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात २०१८ च्या डिसेंबरपासून मोबाइल नेण्यावर बंदी होतीच. उमरेडच्या प्रकरणानंतर ती इतरत्रही कडक होत गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेटच्या प्रकरणात निकाल देताना देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइलला मनाई करण्याचं सांगितलं.

बंदीचं कारण छायाचित्र काढणं एवढंच नव्हतं. वाघ दिसला की एका गाडीतून निरोप जायचा, आणि पाच मिनिटांत वीस गाड्या त्याच वळणावर. जंगलाच्या धंद्यात बातमी जितकी लवकर पोहोचते तितकी ती बातमीच्या विषयाला घातक ठरते. दुसरा कुठलाही धंदा असा चटकन आठवत नाही.

या दोन्ही प्रकरणांत शिक्षा कुणाला झाली ते पाहिलं पाहिजे. ज्याच्या हाती स्टिअरिंग होतं त्याला आणि जो पुढे बसला होता त्याला. त्यांनी नियम मोडला, शिक्षा योग्यच होती. पण ‘आणखी थोडं पुढे घ्या’ म्हणणारा, ज्याला त्या दृश्यातून लाखभर प्रेक्षक मिळायचे होते, तो दुसऱ्या दिवशी विमानाने घरी गेला. त्याच्या पोटावर काही आलं नाही. गाईडच्या घरची चूल मात्र निलंबनाच्या काळात कशी पेटली असेल याचा विचार कुठल्याही पोस्टमध्ये आला नाही.

दृश्याच्या मोहाची किंमत गरिबाने मोजण्याची हीच गोष्ट अधिक कठोरपणे गडचिरोलीत घडली. छत्तीसगडमधून आलेले रानहत्ती २०२१ पासून त्या जिल्ह्यात वावरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये केबल टाकण्याच्या कामासाठी आलेला एक तरुण मजूर हत्तीसोबत सेल्फी घ्यायला गेला आणि जिवाला मुकला. त्याला कुणी जाहिरातीचे पैसे दिले नव्हते. हत्तीजवळ उभं राहून काढलेलं छायाचित्र मोलाचं असतं, एवढं मात्र त्याने कुठल्या तरी पडद्यावर शिकलेलं होतं.

धोका एका वेगळ्या वाटेनेही येतो. तंत्र आपल्याला कळत नाही म्हणून दाराची किल्लीच दुसऱ्याकडे सोपवणं, ही ती वाट. २०२३ मध्ये ताडोबाच्या सफारी बुकिंगचं काम पाहणाऱ्या एका खासगी संस्थेने सुमारे १२ कोटी रुपये भरलेच नाहीत, अशी तक्रार व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाने पोलिसांत केली. त्यानंतर बुकिंग सरकारी संकेतस्थळावर आलं. प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. धंदेवाल्याने त्यातून घ्यायची गोष्ट निराळी आहे: गिऱ्हाईक ज्या दारातून येतं, पैसा ज्या दारातून येतो, त्या दाराची नोंदवही रोज आपल्या डोळ्यांखाली हवी. तंत्रज्ञ नेमता येतो. हिशेबाची नजर नेमता येत नाही. प्रसिद्ध ठिकाणाच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन पैसे उकळणारी खोटी संकेतस्थळं आणि खोटी पानं हा याचाच धाकटा भाऊ. नाव जेवढं मोठं, तेवढी त्याची नक्कल किफायतशीर.

वाघ सोडून बांबूकडे वळलं की चित्र थोडं उजळतं. या भागातल्या बुरूड कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सूप, टोपल्या, परड्या, धान्याच्या ढोल्या विणल्या, आणि आठवडी बाजारात मिळेल त्या भावाला विकल्या. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाल्यावर नवे आकार आले, नवी हत्यारं आली, आणि ज्यांच्या घरात हे काम कधीच नव्हतं अशा महिलाही शिकल्या. चंद्रपुरातल्या एका उद्योजिकेच्या बांबूच्या राख्या परदेशापर्यंत गेल्या, त्यामागे फोनमधल्या छायाचित्रांचा वाटा मोठा आहे. दुकान नाही, शोकेस नाही, नागपूरच्या बाजारात ओळख नाही, तरीही वस्तू थेट विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जाते. बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसावं लागत नाही. आठवडी बाजारात सुपाचा भाव वाढवून मागायची ज्या हातांना सोय नव्हती, त्या हातांना छायाचित्राखाली स्वतःचा भाव लिहिता येतो, याचं मोल पैशांत मोजून संपत नाही.

तरी राखीला तारीख असते. जुलैत एखादी पोस्ट खूप चालली आणि पाच हजारांची मागणी आली, तर बांबू तासणारे हात तेवढेच असतात. मानवेल बांबू तोडून, सुकवून, कीड लागू नये म्हणून प्रक्रिया करून मगच हातात येतो. घाई केली तर पावसाळ्यात राखीला बुरशी धरते. पौर्णिमा उलटून गेल्यावर पोहोचलेल्या राखीचं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि ते आपली नाराजी त्याच माध्यमावर लिहितं. म्हणून ज्याला हे काम खरोखर कळतं असा जाणकार पहिला प्रश्न मालाचा विचारतो: किती हात, किती दिवस, किती कच्चा माल. त्या हिशेबाने तो जाहिरात आवरून धरतो, वेळेआधी नोंदणी बंद करायला सांगतो. छायाचित्र कसं काढायचं हे दुपारभरात शिकवता येतं. कुठे थांबायचं हे शिकवणारा दुर्मिळ.

मोहफुलाच्या बाबतीत थांबण्याची गरज आणखी मोठी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. त्यामुळे मोह म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या मनात एकच गोष्ट येते. इथल्या बाईला मात्र मोह म्हणजे मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली वेचलेलं फूल, लाडू, भाकरी, टोळीचं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. ही ओळख जगापुढे मांडायला समाजमाध्यमांसारखं साधन नाही, आणि काही बचत गटांनी ते काम सुंदर केलं आहे. पण मग कुणी तरी सल्ला देतो: नुसता ‘मोहाचा लाडू’ लिहू नका, ‘मधुमेहावर रामबाण’ लिहा, विक्री वाढेल. विक्री वाढेलही. औषधे व जादूटोणा उपाय कायदा १९५४ चा आहे, आणि मधुमेह बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला त्यात मनाई आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन कौतुक करणाऱ्याने ते उघड सांगितलं पाहिजे, असं जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. सल्ला देणारा हे सांगत नाही, कारण नोटीस लाडवाच्या डब्यावर ज्याचं नाव आहे त्याला येते. आणि कायद्याच्या आधी माणुसकीचा प्रश्न आहे. तो लाडू खाऊन कुणी गोळी बंद केली तर?

आणखी एक गोष्ट या क्षेत्रातले हुशार लोक नाखुशीने बोलतात. हे सगळं बांधकाम भाड्याच्या जागेतलं आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने ठरवलं की लोकांना धंद्यांच्या पानांपेक्षा मित्र-नातेवाइकांचे मजकूर जास्त दाखवायचे; ज्या लहान व्यावसायिकांनी वर्षानुवर्षं पानं उभी केली होती त्यांचे वाचक पाहता पाहता आटले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं, आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कलाकारांचे, विक्रेत्यांचे लाखोंचे प्रेक्षक एका संध्याकाळी नाहीसे झाले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा ऑर्डर घेण्याचं एकमेव साधन व्हॉट्सअ‍ॅप असलेल्यांना हात बांधून बसावं लागलं. भामरागड, एटापल्लीच्या माणसाला तर यात नवल वाटणार नाही. तिथे नेटवर्क जाणं रोजचंच. पण त्याच माणसाकडून एक गोष्ट शिकता येते. तो गिऱ्हाइकाचा फोन नंबर वहीत लिहून ठेवतो.

समाजमाध्यमांचे तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांची संख्या आता भरपूर झाली आहे. त्यांतले कित्येक मनापासून काम करणारे आहेत. अडचण अशी की या विषयातली पात्रता बाहेरून दिसते ती फॉलोअरच्या आकड्यात, आणि फॉलोअर विकत मिळतात. सुताराचं काम हात फिरवून पाहता येतं, रंगाऱ्याचं भिंतीवर दिसतं. इथे दाखवला जातो तो आलेख, आणि आलेखात काय मोजलं हे विचारायचं भान विकत घेणाऱ्याला नसतं. किती जणांनी पाहिलं, हा आकडा सर्वांत मोठा असतो आणि सर्वांत निरुपयोगी. किती जणांनी विचारणा केली, किती जणांनी पैसे भरले, किती जण दुसऱ्यांदा आले, कितीजणांची तक्रार आली, हे आकडे लहान असतात, म्हणून सादरीकरणात मागे राहतात. चांगला जाणकार ओळखायची एक खूण या जिल्ह्यांपुरती तरी सांगता येईल: तो गेटवर येतो, तेंदूपत्त्याच्या फळीवर येतो, बांबूच्या शेडमध्ये बसतो. मोहफूल सुकताना कसा वास येतो हे ज्याला माहीत नाही, त्याने त्याबद्दल लिहिलेल्या चार ओळी वाचणाऱ्याला लगेच पोकळ लागतात.

बाहेरच्या जाणकाराचं काय करायचं, या प्रश्नाचं एक उत्तर गडचिरोलीत फार पूर्वी शोधलं गेलं आहे, आणि ते या विषयाच्या संदर्भात कुणी फारसं आठवत नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. ज्या बांबूवर वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा हक्क चालत आला होता, तो गावाने स्वतः निविदा काढून विकला. ही घटना देशभर गाजली. पण त्यामागे वीस-पंचवीस वर्षांचं काम होतं, आणि त्या कामाचा कणा होता अभ्यासगट.

अभ्यासगट म्हणजे गावकऱ्यांनी आणि बाहेरच्या माहितगारांनी एकत्र बसून एखादा विषय समजून घेणं. कायदा असो, जंगलाचा हिशेब असो, पाण्याचा प्रश्न असो. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे, जानेवारी २०२५ मध्ये दिवंगत झालेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी माणसं त्यात बसत. देवाजी तोफा आणि गावातले इतर प्रश्न विचारत, उलटतपासणी घेत. माहितगार सांगत, पण निर्णय त्यांचा नसे. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. जाणकाराचं ज्ञान गावात यायचं. सत्ता यायची नाही. परिणाम ज्यांना भोगायचे त्यांनीच ठरवायचं, ही त्या गावाची रीत.

मूल-गोंडपिपरीकडचं पाचगाव याच वाटेवर आणखी पुढे गेलं. २०१२ मध्ये वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेने बांबू विकायचं ठरवलं आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. तेंदूसाठी झाडं छाटली जातात, कोवळा फुटवा यावा म्हणून आग लावली जाते, आणि त्या आगीत बांबूचे कोंब जातात. हातात येणारा रोख पैसा त्यांनी सोडला. समाजमाध्यमांच्या कुठल्याही पाठ्यक्रमात हा धडा नसतो: काय विकायचं नाही.

हे सगळं एकत्र धरलं तर गाईडांच्या संघटनेला, बचत गटाला, ग्रामसभेला आजच करता येण्यासारखी काही कामं समोर येतात, आणि त्यांना फार पैसा लागत नाही. पान, खातं, त्याचा पासवर्ड आणि जोडलेला फोन नंबर संस्थेच्या नावाने. म्हणजे नेमलेला मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला तरी काही अडणार नाही. वाघाचं छायाचित्र किमान दुसऱ्या दिवशी टाकायचं, पाणवठ्याचं किंवा रस्त्याचं नाव न देता; लहान पिल्लांचं आणि जखमी जनावराचं टाकायचंच नाही. रिकाम्या परतलेल्या फेरीचंही टाकायचं: अर्जुनाचं खोड, अस्वलाने खरवडलेला मोह, तलावावरच्या बदकांची रांग, म्हणजे पुढचा पाहुणा योग्य अपेक्षा घेऊन येईल. खाण्याच्या पदार्थावर अन्न परवान्याचा नंबर आणि घटक, रोगाचं नाव नाही. कुणा प्रसिद्ध माणसाला मोफत राहायला बोलावलं तर त्याच्याकडून आधीच लिहून घ्यायचं की तो ते उघड सांगेल, आणि गाडीत गाईडचा शब्द मोडणार नाही. बाहेरचा सल्लागार नेमला तर करार मराठीत, सहा महिन्यांचा, आणि पैसे विचारणा व विक्री यांच्या नोंदीवर. प्रेक्षकांच्या आकड्यावर नाही. ही नोंद महिन्यातून एकदा गटापुढे मोठ्याने वाचून दाखवायची.

तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी अनेक ग्रामसभा वर्तमानपत्रात लिलावाची जाहिरात देतात. सत्तर पानांचा पुडा, गोणीचा भाव, अनामत रक्कम, पैसे भरण्याची मुदत, सगळं त्यात लिहिलेलं असतं. जाहिरात छापायला जाण्यापूर्वी तिचा मसुदा सभेत वाचला जातो, कुणी तरी म्हातारी एखादी अट वाढवायला सांगते, आणि ठेकेदार पैसे बुडवून गेला तर काय करायचं यावर तासभर वाद होतो. फोनवर टाकायच्या मजकुराचा मसुदाही त्याच सभेत, त्याच वहीत यायला हवा. येत्या उन्हाळ्यात बेलकटाई, म्हणजे तेंदूची छाटणी, सुरू होण्यापूर्वी दोन-चार ग्रामसभांनी एवढं करून पाहावं, आणि काय झालं ते पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर येऊन त्यांनी स्वतः सांगावं.